गाईडभाऊ, तुम्ही बाबांशी बोललात

प्रिय गाईडभाऊ,

सप्रेम नमस्कार.

फोन करून आभार मानले असते तर ‘अहो ताई, आमचं कामच आहे ते’ म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहिते आहे. नागपूरहून बुऱ्हाणपूर, महेश्वर, मांडू, इंदूर अशी बसची छोटी सहल करून आलेल्या आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी ‘माहिती छान सांगितली’ असं तुम्हाला कळवलं असेलच. मला आभार मानायचे आहेत ते दुसऱ्याच गोष्टीचे.

माझे सासरे पोस्टातून निवृत्त झालेले. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली, आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. काठी घेऊन घरापासून बडकस चौकापर्यंत ते अजूनही एकटे जातात, आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्या त्यांच्या पायांना पाठ आहेत. नजर गेल्याचं त्यांना जेवढं टोचत नाही तेवढं लोकांचं एक वागणं टोचतं. लोक त्यांच्याशी बोलायचं सोडून माझ्याशी बोलतात. ‘यांना चहात साखर चालते का?’ ‘यांना खुर्ची देऊ का?’ बाबा समोरच बसलेले असतात, कान शाबूत, बुद्धी तल्लख, तरी. सहलीचं नाव काढलं तेव्हाही ओळखीतल्या एका बाईंनी बाबांच्या देखत मला विचारलं, ‘त्यांना कशाला नेता हो, त्यांना काय दिसणार?’ बाबा म्हणाले, ‘पोहे तर दिसतील नं बाई, तर्री टाकलेले.’

पहाटे बसच्या दारात तुम्ही मला काही विचारलं नाही. थेट त्यांना म्हणालात, ‘बाबा, मी तुमचा गाईड. पायरी उंच आहे, माझा कोपर धरता का?’ दंडाला धरून वर ढकललं नाहीत. कोपर धरला की माणूस अर्धं पाऊल मागं चालतो. पुढच्याचं अंग वर गेलं की चढ, खाली गेलं की उतार, हे त्याला आपसूक कळतं. आता घरी आम्ही सगळे तसंच चालतो, अगदी माझा नववीतला मुलगासुद्धा.

परतवाड्यानंतर मेळघाटाची वळणं सुरू झाली. पावसाळा ऐन भरात. खिडकीजवळचे सगळे मोबाईल काढून हिरवे डोंगर टिपत होते, आणि तुम्ही माईकवर काय दिसतंय ते सांगत होतात. उजवीकडे दरी, डावीकडे साग, सागाला तुरे आलेत. मागून कुणीतरी पुटपुटलं, ‘आम्हाला दिसतंय की.’ तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत.

बुऱ्हाणपूरबद्दल खरं सांगायचं तर मला मावा जिलेबीपलीकडे काही माहीत नव्हतं. जामा मशिदीत तुम्ही बाबांना मिहराबीजवळ, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्याजवळ, नेलंत आणि सांगितलंत, की फारुकी घराण्यातल्या राजा अली खानाच्या काळातली ही मशीद, आणि इथं अरबी लेखासोबत संस्कृत लेखही कोरलेला आहे. सृष्टी निर्माण करणाऱ्याला नमन करून तो सुरू होतो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आजकालच्या पोट्ट्यांना सांगा हे.’

पण बुऱ्हाणपुरात माझं मन अडकलं ते कुंडी भंडाऱ्यापाशी. १६१५ सालची ही पाण्याची सोय. दोहे लिहिणारा रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना, तेव्हा इथं सुभेदार होता आणि तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं ती आखली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि हलक्या उतारानं शहराकडे सोडायचं. बोगद्यावर थोड्या थोड्या अंतरानं विहिरीसारखी तोंडं, त्याच कुंड्या, शंभराहून जास्त. त्यातून हवा जाते, सफाईला माणूस उतरतो. पंप नाही, रहाट नाही, नुसता उतार. आपल्या ग्रुपमधल्या एकानं किती खोल आहे बघायला खडा उचलला तर तुम्ही त्याचा हात धरलात. ‘हे पाणी लोक पितात, साहेब.’ आणि बाबांना म्हणालात, ‘बाबा, तुम्ही आवाज द्या.’ बाबांनी वाकून ‘ओऽ’ केलं. आवाज खाली जाऊन पसरला आणि लांबून परत आला. ‘आडवं भुयार आहे खाली,’ बाबा म्हणाले. आम्हाला वरून नुसतं काळं भोक दिसत होतं.

मग लिफ्टनं खाली. मी घाबरले होते, ते अजिबात नाही. चपला काढून, धोतर खोचून, तुमचा कोपर धरून ते पाण्यात उभे राहिले. भिंतीवर चुनखडीचा थर बसून बसून पांढरा खडबडीत लेप झालाय, त्यावर त्यांनी दोन्ही हात फिरवले. तुम्ही म्हणालात, ‘हे चारशे वर्षांचं आहे, बाबा.’ ते म्हणाले, ‘आपल्या घरच्या गिझरमध्ये वर्षभरात जमते एवढी.’ नागपूरच्या जड पाण्याची एवढी नेमकी निंदा मी कधी ऐकली नव्हती.

ज्या दिवशी महेश्वरकडे निघालो त्या सकाळी असीरगड. बसमध्ये अर्धे लोक पेंगत होते. सगळे सांगतात तसं तुम्हीही सांगितलंत, दख्खनचा दरवाजा, १६०१ मध्ये अकबरानं घेतला वगैरे. मग वर चढल्यावर म्हणालात, ‘आता नागपूरकरांसाठी.’ नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली, भोसल्यांची हार झाली, हे आम्हाला शाळेपासून माहीत. पुढचं कुणाला माहीत होतं? अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी धरलं, अलाहाबादकडे घेऊन निघाले, तर वाटेत ते पहारा चुकवून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्यानं राहिले आणि तिथून या असीरगडावर आले. किल्ला तेव्हा शिंद्यांचा, किल्लेदार यशवंतराव लाड. त्यानं आपल्या नागपूरच्या राजाला थारा दिला, म्हणून इंग्रजांनी तोफा आणून वेढा घातला आणि एप्रिल १८१९ मध्ये किल्ला पडला. अप्पासाहेब मात्र हाती लागले नाहीत. शेवटी जोधपूरला आश्रयाला राहिले आणि १८४० मध्ये तिथंच वारले.

पेंगणारे सगळे जागे झाले होते. बाबा तटाच्या दगडावर हात ठेवून उभे. ‘काऊन रे बाप्पा,’ ते म्हणाले, ‘महालात जन्म गेला माझा, आणि आपला राजा कुठं गेला हे कोणी सांगितलंच नाही मले.’ गंमत बघा, सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात, वर्षातून मोजक्या दिवशी तो लोकांसाठी उघडतो. १५ ऑगस्टला आम्ही रांग लावून जातोही, आणि फोटो काढून परत येतो. तिथं सुरू झालेली गोष्ट आम्हाला दुसऱ्या राज्यातल्या डोंगरावर ऐकावी लागली.

महेश्वरात गर्दी होती, श्रावण होता. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ इथून कारभार पाहिला, १७८० मध्ये काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं, हे सगळं तुम्ही राजवाड्याच्या पायऱ्यांवर पाच मिनिटांत उरकलंत. बरं केलंत, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. वेळ दिलात तो मागावर. विणकराला विचारून बाबांना मागाशेजारी बसवलंत, ठकठक ऐकू दिलीत, आणि साडीचे काठ एकेक करून त्यांच्या बोटांखाली दिलेत. ही ईंट, ही चटाई, ही लहर. ही सगळी नक्षी वर किल्ल्याच्या भिंतींवर आणि घाटावर आहे, असंही सांगितलंत. चौथ्या काठाला तुम्ही बोलायच्या आत बाबा म्हणाले, ‘ही पण लहरच, पण बारीक.’ सासूबाईंसाठी साडी त्यांनी स्वतः निवडली. रंग मला विचारला, काठ नाही विचारला. आई ती नेसून अजून सगळ्यांना काठच दाखवत असतात.

मांडूला एक दिवस पुरत नाही. ही तक्रार तुमच्याबद्दल नाही; पण छोट्या सहलींचं हे दुखणं आहेच, यादीत गावं जास्त आणि प्रत्येक गावाच्या वाट्याला वेळ कमी. तुम्ही त्यावर तुमच्या परीनं तोडगा काढलात. ठरलेला खरेदीचा थांबा गाळून टाकलात. अशा थांब्यांवर गाईडला काय मिळतं ते आम्हालाही कळतं हो, म्हणून मुद्दाम लिहिते. त्या वाचलेल्या वेळात हिंडोळा महाल नीट झाला. त्याच्या बाहेरच्या भिंती तिरक्या, तळाशी रुंद आणि वर आत कललेल्या. आम्ही लांबून बघून ‘हो हो, तिरक्या’ म्हणालो. तुम्ही बाबांना म्हणालात, ‘भिंतीला पाठ लावून उभे राहा.’ ते राहिले, आणि मागं झुकत गेले, झुकत गेले, आणि हसायला लागले. मग अख्खी बस ओळीनं भिंतीला पाठ लावून उभी. बसमध्ये पुटपुटणारे ते काकासुद्धा.

जहाज महालात मुंज तलाव आणि कापूर तलाव दोन्ही भरलेले, मधे ती लांबलचक इमारत. वरच्या हौदाकडे येणारी चक्राकार पन्हळ बाबांनी बोटानं फेरे घेत घेत तपासली. पाण्याचा वेग मोडावा, गाळ खाली बसावा म्हणून ती वळवलेली, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी विचारलंत, ‘कशासाठी असेल, बाबा?’ त्यांनी जवळपास बरोबर सांगितलं.

माळव्याचा सुलतान होशंगशाह याच्या कबरीपाशी बुऱ्हाणपूरची गोष्ट परत भेटली. १६३१ मध्ये मुमताज बुऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली, आधी तिथंच तापीपलीकडे पुरली, मग आग्र्याला नेली, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. इथं दारावर १६५९ चा फारसी लेख आहे: शाहजहानचे कारागीर, त्यात उस्ताद हमीद, या संगमरवरी कबरीला आदरानं भेट देऊन गेले. ताजमहालापेक्षा ही कबर दोनशे वर्षं जुनी. बाबांना तुम्ही आतला आणि बाहेरचा दगड दोन्ही लावून दाखवलात, गार आणि ओला, ओला आणि गार.

रूपमती मंडपात मात्र सगळ्यांचीच फजिती झाली. तिथून नर्मदा दिसते म्हणून एवढं चढून गेलो, तर धुकं असं दाट की शेजारचा माणूस दिसेना. सगळे चुकचुकले. बाबा कठड्याला टेकून म्हणाले, ‘मंग आता तुम्ही सगळे माझ्यासारखेच. बेटा, सांग आता, काय काय दिसायला पाहिजे होतं?’ आणि तुम्ही धुक्याकडे बोट करून पंधरा मिनिटं नर्मदा सांगितलीत. कुणी एक शब्द मधे बोललं नाही.

इंदूरबद्दल काय लिहू? सराफ्यात रात्री खाल्लं, भरपूर खाल्लं. त्यांचे पोहे चांगले की आपले, यावर बसमध्ये बैतूल येईपर्यंत भांडण झालं. निकाल लागलेला नाही.

घरी आल्यापासून बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला असीरगड सांगतात. माझ्या मुलाला तर दोनदा ऐकावा लागला आणि त्यानं नकाशावर अलाहाबादचा रस्ता काढून दिला. पोस्टातले त्यांचे जुने मित्र आले की कुंडी भंडारा. ते मित्रही आता त्यांना विचारतात, मला नाही. ‘मग तुम्ही खाली उतरलात?’ ‘हाव, उतरलो नं.’

झाशी-ओरछाची सहल निघाली की आधी आम्हाला सांगा. पुढची सीट वगैरे राखायची गरज नाही, बाबांना ड्रायव्हरच्या मागची आवडते, इंजिनचा आवाज कळतो म्हणतात. आणि नागपुरात असाल तेव्हा एका रविवारी जेवायला या. आई पाटवडीचा रस्सा करतील, तिखट सोसत असेल तर.

बाबांचा एक प्रश्न तेवढा राहिला आहे, मी विसरेन म्हणून त्यांनी दोनदा बजावलंय. असीरगडावरून अप्पासाहेब बाहेर पडले ते कधी आणि कोणत्या वाटेनं? उत्तर त्यांच्याच फोनवर द्या. नंबर तुमच्याकडे आहे.

तुमची,
ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरच्या बाबांची सून,
महाल, नागपूर