मंत्री साहेब, हँडब्रेक लावला होता की नाही हे आता ठरवणार कोण?

मा. परिवहन मंत्री साहेब,
स.न.वि.वि.

उभी करून ठेवलेली गाडी आपली आपण घरंगळत जाते, कुणाच्या अंगावर जाते, भिंतीत घुसते, नशीब बरं असेल तर समोरच्याचा बंपर फोडून थांबते, आणि मग कागदावर एकच ओळ येते की चालकाने हँडब्रेक लावला नव्हता. झालं, विषय संपला. पूर्वी ही ओळ खरी की खोटी हे निदान बघता तरी यायचं. दोन सीटच्या मधे दांडा असायचा, तो वर ओढलेला आहे का हे काचेतून कुणालाही दिसायचं, पोलिसाला, इन्शुरन्सच्या सर्व्हेअरला, नुसत्या बघ्यालाही. आता तिथे एक छोटंसं बटण आहे जे ओढलं तरी परत जागेवर येतं आणि एक लाल दिवा आहे जो इग्निशन बंद केल्यावर थोड्या वेळाने विझतो. म्हणजे पुरावा गेला कंट्रोल युनिटच्या, ब्रेक चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, आत, आणि ते उघडायची किल्ली कंपनीकडे. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या, म्हणजे या बटणवाल्या हँडब्रेकच्या, विरोधात नाहीये. उलट डिझाईन हुशार आहे. बहुतेक गाड्यांत मागच्या चाकाच्या कॅलिपरवर (चाकासोबत फिरणारी डिस्क चिमट्यासारखी पकडणारा भाग) छोटी मोटर असते, ती स्क्रू फिरवते, स्क्रू पॅडला डिस्कवर दाबतो, आणि त्या स्क्रूचे आटे असे असतात की मोटर बंद झाली तरी तो उलटा फिरत नाही, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तरी लागलेला ब्रेक सुटत नाही. घाट उतरून गाडी लावली की तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड ढिली पडते, चांगल्या सिस्टीम अशावेळी काही मिनिटांनी स्वतःच परत आवळून घेतात, हे दांड्याला कधी जमलं नसतं. आणि दांडा-पेडलवाले जुने ब्रेक काही संत नव्हते, 2016 मध्ये टोयोटाने सुमारे 3 लाख 40 हजार प्रियस परत बोलावल्या त्या पायाने दाबायच्या साध्या पार्किंग ब्रेकची केबल निसटू शकते म्हणूनच.

गंमत म्हणजे इलेक्ट्रॉनिक ब्रेकचे जे मोठे रिकॉल झाले त्यातले बरेच उलट्या तक्रारीचे आहेत. 2017 मध्ये टेस्लाच्या सुमारे 53 हजार गाड्यांत एक छोटा गिअर तुटू शकतो आणि लागलेला ब्रेक सुटत नाही असं निघालं. 2023 मध्ये फोर्डच्या एफ-150 पिकअप, साधारण 8 लाख 70 हजार, मागच्या एक्सलजवळची वायर घासून चालत्या गाडीत ब्रेक लागू शकतो म्हणून. मग तुमच्या खात्यातला एखादा अधिकारी म्हणेल की बघा, ब्रेक बिघडतो तेव्हा लागतो, सुटत नाही, म्हणजे घरंगळली तर चूक माणसाचीच. इतकं सोपं नाहीये हो ते.

कारण गाडी बऱ्याचदा घरंगळते ती माणसाला एक वाटतं आणि गाडीच्या डोक्यात दुसरंच असतं तेव्हा. जीप ग्रँड चेरोकीचं उदाहरण घ्या, तिचा इलेक्ट्रॉनिक गिअर लिव्हर कुठलाही गिअर टाकला तरी परत मधल्या जागी यायचा, लोकांना वाटायचं गाडी पी मध्ये, म्हणजे पार्किंगच्या गिअरमध्ये, आहे आणि उतरायचे. एप्रिल 2016 मध्ये त्या लिव्हरच्या जगभरातल्या 11 लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला आणि दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, अभिनेता अँटन येल्चिन घरासमोरच्या उतारावर स्वतःच्याच ग्रँड चेरोकीखाली सापडून गेला. उपाय काय केला, तर पी मध्ये नसताना दार उघडलं तर गाडीने स्वतःच पी मध्ये जायचं. एवढं सॉफ्टवेअर पहिल्यापासून टाकायला काय झालं होतं?

किंवा 2022 मधलं फोर्डचं प्रकरण बघा, 29 लाख गाड्या, गिअरच्या केबलचा एक बुश, म्हणजे जोडणारा छोटा तुकडा, निखळायचा आणि डॅशबोर्डवर पी दिसायचं पण गिअरबॉक्स पी मध्ये नसायचा. चालकाने सगळं बरोबर केलेलं, स्क्रीन म्हणते बरोबर, तरी गाडी सुटणार. आता कल्पना करा अशी पहिली गाडी जेव्हा घरंगळली असेल तेव्हा त्या मालकाचं कोणी ऐकलं असेल? हजारो तक्रारी एका ठिकाणी जमतात तेव्हा दोष सापडतो, एकट्यादुकट्याला बेजबाबदार ठरवून मोकळं होतात.

ऑटो होल्डची भानगड तर वेगळीच. सिग्नलला ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी उभी राहते, ते हायड्रॉलिक प्रेशरवर, म्हणजे पायाच्या ब्रेकच्या तेलाच्या दाबावर, पार्किंग ब्रेकवर नाही. दार उघडलं, बेल्ट काढला किंवा इंजिन बंद केलं की मग कंट्रोल युनिट पार्किंग ब्रेक लावतं, पण कुठल्या गाडीत नेमकं कशावर हे सारखं नाही. बटणसुद्धा काही गाड्यांत ओढायचं, काहींत दाबायचं. हायब्रिड गाडीत बऱ्याचदा आणि इलेक्ट्रिक गाडीत तर कधीच इंजिनचा आवाज नसतो, गाडी चालू आहे की बंद हे कानाला कळायला मार्ग नाही, आणि माणूस उतरून चालू लागतो. रोज दोन वेगळ्या गाड्या चालवणाऱ्याने काय काय लक्षात ठेवायचं.

आमच्या ओळखीतल्या एकांच्या बाबतीत असंच झालं, कोणाला लागलं नाही हे नशीब. ते ठामपणे सांगत होते की दिवा लाल झालेला पाहिला. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि तोंडी सांगितलं, काही फॉल्ट नाही सर, तुम्हीच विसरला असाल. प्रिंट मागितली तर देता येत नाही म्हणे. ज्याच्या मालावर संशय आहे तोच तपासणार, तोच निकाल देणार आणि कागद मात्र दाखवणार नाही! ते विसरले असतीलही, मी नाही म्हणत नाही, पण मग कागद दाखवा ना.

कोणी म्हणेल गाडीत अपघाताची नोंद करणारा ईडीआर असतो की. बऱ्याच गाड्यांत असतो, पण तो धडकेवर जागा होतो, साधारण 150 मिलीसेकंदात वेग ताशी 8 किमीने बदलला तर. दीड टनाची गाडी चालण्याच्या वेगाने घरंगळत येऊन माणसाला धडकली तर गाडीच्या वेगात तेवढा फरक पडतच नाही. माणूस जातो आणि गाडीच्या हिशेबी काही घडलेलंच नसतं.

आणि नियम काय तपासतात? संयुक्त राष्ट्रांचा 13-एच नियम म्हणतो की भरलेली गाडी पार्किंग ब्रेकवर 20 टक्के उतारावर (शंभर मीटरला वीस मीटर) उभी राहिली पाहिजे, वायरिंग तुटलं तरी ब्रेक लावता येऊन निदान 8 टक्के उतारावर तरी धरली पाहिजे. चांगला नियम आहे. पण ही परीक्षा मॉडेलच्या मंजुरीच्या वेळी होते. पाच पावसाळे खाल्लेल्या कनेक्टरचं, गंजलेल्या कॅलिपरचं काय, आणि मुख्य म्हणजे गाडी घरंगळलीच तर नंतर काय, यावर कोण बोलणार.

म्हणून साहेब मागणी अशी की पार्किंग ब्रेकच्या कंट्रोल युनिटने शेवटच्या काही वेळच्या पार्किंगची नोंद ठेवणं सक्तीचं करा, बटण कधी ओढलं, मोटरने पूर्ण दाब गाठला का, ब्रेक कोणी सोडला, माणसाने की सॉफ्टवेअरने, दार कधी उघडलं, बस एवढंच. मी कुठे गेलो होतो हे नोंदवू नका, ते कोणाला नकोय. ती नोंद वाचायचं उपकरण बाजारात मिळालं पाहिजे, अमेरिकेत ईडीआरसाठी कंपन्यांवर हे बंधन आहेच, आणि मालकाला प्रत फुकट मिळाली पाहिजे. ही नोंद त्रयस्थ माणसाने वाचल्याशिवाय कुठल्याही रिपोर्टात चालकाचा दोष असं लिहिता येणार नाही आणि तोवर गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाणार नाही, असा आदेश काढा, ह्याला तर नवीन तंत्रज्ञानही लागत नाही. घरंगळण्याच्या तक्रारी मॉडेलप्रमाणे सगळ्यांना बघता येतील अशा ठेवा. आणि गाडी चालू असताना चालक दार उघडून उतरतोय तर ब्रेक आपोआप लागलाच पाहिजे, सगळ्या गाड्यांत, महागड्या मॉडेलचं फीचर म्हणून नाही.

कंपन्या खर्चाचं रडगाणं गातील. मोटर, सेन्सर, मेमरी सगळं गाडीत आधीच बसवलेलं आहे, आणि चूक खरंच चालकाची असेल तर हीच नोंद त्यांना वाचवेल, मग घाबरायचं कशाला ते त्यांनाच विचारा. या पत्राला उत्तर म्हणून जनजागृती मोहिमेचं पोस्टर मात्र पाठवू नका, नियमाच्या मसुद्याची तारीख कळवा.

कळावे,
आपला,
उतारावर गाडी लावणारा एक नागरिक