बॅग बेवारस आहे हे कळलं, पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची फास्ट लोकल, मुलुंड गेल्यावर कोणीतरी विचारलं, वरच्या रॅकवरची ती काळी बॅग कोणाची आहे हो? कोणी बोलेना. परत विचारलं, तरी नाही. मग एकाने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं, एक काका म्हणाले काही नसतं हो, कोणीतरी विसरलं असेल, आणि एका पोराने चक्क ती बॅग खाली ओढून चेन उघडली! आत जेवणाचा डबा, छत्री आणि कसलीतरी फाईल. सगळे हसले, घाटकोपर आलं, विषय संपला. खरं सांगतो, मीपण हसलो. पण ऑफिसला पोचेपर्यंत डोक्यातून जाईना, एवढी गर्दी होती आणि रेल्वेच्या हेल्पलाईनला, 139 ला फोन लावायचं एकालाही सुचलं नाही, मलासुद्धा नाही.

हे आपल्याला माहीत नाही असं थोडंच आहे. 11 जुलै 2006 ला संध्याकाळच्या गर्दीत वेस्टर्नच्या लोकलमधे सात स्फोट झाले ते अवघ्या दहा-अकरा मिनिटांत. पुण्याच्या जर्मन बेकरीत 2010 मधे बॉम्ब बेवारस बॅगेतच होता. बेवारस वस्तूला हात लावू नका ही अनाउन्समेंट तर आपल्याला पाठ आहे, पण हात लावायचा नाही तर करायचं काय हे कोणी नीट सांगितलंय? लांब व्हायचं, इतरांना लांब करायचं, 139 किंवा 112 ला कळवायचं, जवळ उभं राहून फोटो काढत बसायचं नाही. आणि कुठे स्फोट झालाच तर बघायला धावायचं नाही, कारण जमलेल्या गर्दीसाठी दुसरा बॉम्ब ठेवलेला असू शकतो. जखमीला खूप रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, सोडायचं नाही. एवढं शिकवायला शाळेचा एक तास पुरे झाला.

अजून एक, संशय वस्तूवर आणि वागण्यावर घ्यायचा, कोणाच्या दाढीवर किंवा बुरख्यावर नाही. जागरूकता म्हटलं की आपल्याकडे लगेच तिकडेच गाडी वळते.

26/11 ला जे वाचले त्यातले कितीतरी कोणीतरी डोकं शांत ठेवलं म्हणून वाचले. सीएसटीवर अनाउन्सर विष्णू झेंडे केबिनमधून पळाले नाहीत, माईकवरून लोकांना बाहेर पडायला सांगत राहिले. कामा हॉस्पिटलमधे नर्स अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या 20 गरोदर बायकांना आतल्या खोलीत नेलं, दारं बंद, दिवे बंद. आपण त्यांचं कौतुक करतो, करायलाच पाहिजे, पण त्यांनी जे केलं ते बाकीच्यांना शिकवलं का? गोळीबार झाला तर आधी पळा, पळता येत नसेल तर दार लावून लपा, मोबाईल सायलेंट करा, हे माझ्या ऑफिसात कोणाला विचारलं तर माझ्याकडे वेड्यासारखं बघतील.

आणि मोबाईलवरून आठवलं. त्या तीन दिवसांत चॅनलवाले कमांडो कुठून उतरतायत ते लाईव्ह दाखवत होते आणि पलीकडे पाकिस्तानात बसलेले त्यांचे हँडलर ते बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते, कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनलवाल्यांना चांगलंच सुनावलं. 2015 पासून अशा कारवाईच्या लाईव्ह कव्हरेजला नियमाने बंदी आहे. पण आता प्रत्येकाच्या खिशात एक चॅनल आहे त्याचं काय करणार?

पहलगामनंतर 7 मे 2025 ला देशभर मॉक ड्रिल झाली. आमच्या बिल्डिंगमधे बहुतेकांना ती व्हॉट्सअ‍ॅपवर सायरनचे व्हिडीओ आल्यावर कळली. वर्षातून दोनदा तरी मोठ्या स्टेशनांवर, मॉलमधे, शाळा-कॉलेजात अशी ड्रिल आधी सांगून घ्या, त्यात रोजच्या पासधारकांना आणि स्टॉलवाल्यांना घ्या, कारण पोलीस यायच्या आधी तिथे तेच असतात. 2006 ला रुळांशेजारच्या वस्तीतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली होती, जखमींना उचलायला. दर वेळी त्याला मुंबई स्पिरिट म्हणून मोकळं होतो आपण, आणि दुसऱ्या दिवशी 8.12 पकडतो.

मी सोसायटीच्या मीटिंगला हा विषय काढला होता. पार्किंगवर सव्वा तास झाला, मग सेक्रेटरी म्हणाले, तुमचं पुढच्या मीटिंगला घेऊ.

आपला,
सेंट्रलचा एक पासधारक