रिपोर्ट भरला, पुढे काय?

संपादक महोदय,
स. न.

हॉस्पिटलमधे होणाऱ्या चुका, अपघात, थोडक्यात टळलेले प्रसंग यांची नोंद ठेवायला अख्ख्या देशाची मिळून एकच सिस्टीम हवी असा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी सॉफ्टवेअरवर जाते. डॅशबोर्ड कसा दिसेल, अॅप काढायचं का, सर्व्हर कुठे ठेवायचा, एआय लावायचं का वगैरे. मी तीसेक वर्षं वॉर्डात काढलीत, त्यातली बरीचशी इन्चार्ज सिस्टर म्हणून, कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही हे आधीच सांगून टाकते. पण रिपोर्ट कोण भरतं, कधी भरतं आणि कधीपासून भरायचं बंद करतं हे मला नीट माहितीये, म्हणून हे पत्र.

मी इन्चार्ज व्हायच्या आधीची गोष्ट आहे. नाइट होती, पहाटेचे तीन वाजले असतील, माझ्यासोबतची नवीन मुलगी इंजेक्शन पातळ करायला ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटर घ्यायला गेली आणि हातात आलं पोटॅशियम क्लोराईड. दोन्ही अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या सीलबंद बाटल्या, सारख्याच मापाच्या, आतलं दोन्हीकडे पाण्यासारखंच, आणि ठेवलेल्या एकाच ट्रेमधे खेटून. हे असंच न पातळ करता झटकन शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, धावपळ करायलासुद्धा वेळ मिळत नाही. तिला लेबल पुटपुटत वाचायची सवय होती म्हणून वाचलो. सकाळी मीच तिला म्हटलं, रिपोर्ट भर, लपवालपवी नको. फॉर्म चार पानी आणि पहिल्याच पानावर रकाना, जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव. भरला बिचारीने. आठ दिवसांनी तिला मेमो आला. ट्रे होता तिथेच होता, त्यातल्या अँप्यूलच्या ओळी पण त्याच.

पुढे वर्षभर त्या वॉर्डातून एकही रिपोर्ट गेला नाही आणि मीटिंगमधे त्याच वॉर्डाचं कौतुक झालं, झीरो इन्सिडेंट म्हणून! टाळ्या मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

आता कोणी म्हणेल ही एका हॉस्पिटलची भानगड, त्यात देशाचा काय संबंध. तर संबंध हाच की ती एका हॉस्पिटलची नव्हतीच. इंग्लंडमधे पेशंट सेफ्टीसाठी वेगळी एजन्सी काढली तेव्हा २००२ मधे तिने जो पहिलावहिला अलर्ट दिला तो नेमका याच पोटॅशियमवर होता, की पातळ न केलेल्या अँप्यूल वॉर्डाच्या साध्या स्टॉकमधून काढा, वेगळ्या कुलपात ठेवा, जमेल तिथे आधीच पातळ करून आलेलं वापरा. हे वाचलं तेव्हा मला त्या मुलीचा चेहरा आठवला. किंवा विनक्रिस्टीन घ्या, कॅन्सरचं औषध, ते फक्त शिरेतून द्यायचं, पण पाठीच्या मणक्यात द्यायच्या इंजेक्शनसोबत एकाच वेळी सिरिंजमधे भरून आलं की चुकून मणक्यात जातं आणि मग पेशंट वाचणं जवळपास अशक्य. एका हॉस्पिटलच्या आयुष्यात हे एकदा घडणार, तिथल्यांना वाटणार आपलंच नशीब फुटकं, ज्याने दिलं तो आयुष्यातून उठणार आणि फाइल बंद. वेगवेगळ्या देशांतल्या केसेस शेजारी ठेवल्यावर कळलं की माणसं बदलतात, चूक तीच राहते, म्हणून २००७ मधे डब्ल्यूएचओने सांगितलं की हे औषध सिरिंजमधे भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्या, म्हणजे मणक्याच्या सुईला ते जोडायची कोणाला बुद्धीच होणार नाही. बघा, माणसाला जास्त सावध राहा म्हणून नाही सांगितलं, सिरिंजच्या जागी पिशवी आणली. देशपातळीच्या सिस्टीमचं काम हे, विखुरलेले एकेक प्रसंग एकत्र ठेवून वस्तू बदलायची.

पण नुसते रिपोर्ट गोळा झाले म्हणजे झालं असं पण नाही. इंग्लंड आणि वेल्सने २००३ पासून अशी राष्ट्रीय सिस्टीम चालवली, नंतर नंतर तिच्यात वर्षाला वीस लाखांच्या आसपास रिपोर्ट यायला लागले, त्यातले बहुतेक असे की पेशंटला काही इजा झाली नाही. वीस लाख! वाचणार कोण? मृत्यू आणि गंभीर इजेचे रिपोर्ट तिथे तज्ज्ञ माणसं बघायची, बाकीच्यांची मोजदाद. शेवटी ती जुनी सिस्टीम बंद करून त्यांनी नवीन आणली. म्हणून माझं म्हणणं, प्लॅनिंग करताना आधी वाचणाऱ्यांची संख्या ठरवा. किती फार्मासिस्ट, किती डॉक्टर, किती सिस्टर रोज बसून हे वाचणार, त्यांना पगार कुठून, आणि त्यांनी अलर्ट काढला तर तो पाळला की नाही ते कोण बघणार. सर्व्हरचं नंतर बघू, सर्व्हर विकत मिळतो.

दुसरी गोष्ट मेमोची. डेन्मार्कने २००४ पासून यासाठी कायदाच केला, स्टाफने रिपोर्ट करायचाच, आणि रिपोर्ट केला म्हणून त्याच्यावर कारवाई करता येणार नाही. आपण कायदा कसाही करा, पण कोणी जाणूनबुजून केलेला गुन्हा आणि थकलेल्या माणसाची चूक यांच्यातली रेघ त्यात आधीच आखलेली पाहिजे, प्रसंग घडल्यावर आखायला बसलं की ती नेहमी सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या पायाशी येऊन थांबते. आणि कृपा करून रिपोर्टच्या आकड्यावरून हॉस्पिटलांचे नंबर लावू नका. ज्या वॉर्डातून महिन्याला वीस रिपोर्ट येतात तिथे चुका जास्त होतात असं नाही, तिथे निदान बोलायची सोय आहे. नंबर लावले की सगळीकडे टाळ्याच टाळ्या, आमच्यासारख्या.

विमानवाल्यांनी हे कधीच ओळखलं. अमेरिकेत १९७६ पासून पायलट आणि बाकीचा स्टाफ आपल्या चुका लिहून पाठवतात ते नासाकडे, लायसन्सवर कारवाई करणाऱ्या खात्याकडे नाही. नासा नाव-गाव काढून टाकते आणि त्यातले किस्से दर महिन्याला एका पत्रकात छापून सगळ्यांना वाचायला देते. म्हणजे लिहिणाऱ्याला दिसतं की आपलं कोणीतरी वाचलं. याच्या उलट आयर्लंडमधे राष्ट्रीय सिस्टीम जी संस्था चालवते तीच सरकारवरचे नुकसानभरपाईचे दावे पण बघते. त्यात सोय आहे, एकाच ठिकाणी सगळं कळतं, पण सिस्टर म्हणून मी तो फॉर्म भरताना दोनदा विचार करेन हे नक्की.

फॉर्मबद्दल थोडंसं. काय झालं, कुठे, कधी, कोणतं औषध किंवा मशीन, पेशंटचं काय झालं, आणि खाली मोकळी जागा जिथे माणूस आपल्या भाषेत लिहील, एवढं पुरे. ड्रॉपडाऊनमधे ऐंशी पर्याय दिले तर पहाटे तीनला सगळे "इतर" दाबणार, मी तर दाबणारच. आणि औषधाच्या रिअॅक्शनचा फॉर्म वेगळा, रक्ताचा वेगळा, मशीनचा वेगळा, असं तेच चार ठिकाणी भरायला लावू नका, एकदा भरलं की सिस्टीमने ते ज्याचं त्याला पोचवावं. पेशंटला आणि नातेवाइकांना पण भरू द्या, रात्रभर उशाशी बसलेल्या बाईला वॉर्डातलं जे दिसतं ते राउंडवाल्यांना दिसत नाही.

सॉफ्टवेअर कंपन्या डेमो द्यायला येतील तेव्हा त्या रिपोर्ट कसा भरायचा ते झकास दाखवतील. तिथे बसलेल्यांनी एकच विचारावं, रिपोर्ट भरल्यावर तीस दिवसांनी त्या सिस्टरने लॉगिन केलं तर तिला काय दिसतं, तो स्क्रीन दाखवा. तुमचा रिपोर्ट अमक्याने वाचला, ट्रे वेगळा करायला सांगितलंय, या तारखेला केला, एवढं जरी आलं तरी पुरे. तिथे नुसतंच "धन्यवाद" असेल तर डेमो तिथेच थांबवा आणि त्यांना परत पाठवा.

आपली,
एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर