शून्य खर्चाची परसबाग आणि माझी मापांची वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरामागे चार वाफे करा आणि भाजीचा खर्च शून्यावर आणा, अशा अर्थाचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. सोबत फोटो होता. टोपलीत लालबुंद टोमॅटो, मागे हसरं कुटुंब, आणि कुणाच्याही नखात मातीचा कण नाही. शंका तिथेच आली.

मी खेड्यात राहते, घरी शिवणकाम करते. घरामागे चार वाफे केले, त्याला अकरा वर्षं झाली. गिऱ्हाइकांची मापं ज्या वहीत घेते त्याच वहीच्या मागच्या पानांवर बागेचा हिशेब असतो. पुढून छाती, कंबर, उंची. मागून बी, खत, पाणी. दोन्हींची गाठ पडली की नवी वही. लेखकांनी शून्य लिहिलंय, तेव्हा माझ्या वहीत काय आहे तेही छापून यावं म्हणून हे पत्र.

यंदाची पहिली नोंद मोटरीची. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला एक झडप असते, वर चढलेलं पाणी परत खाली जाऊ नये म्हणून. तिचं खरं नाव फुटव्हॉल्व्ह, पण सगळे तिला फुटबॉलच म्हणतात. तिच्यातली रबराची चकती झिजली की रातोरात पाइप रिकामा होतो. सकाळी बटण दाबावं तर मोटर फिरते, पाणी मात्र येत नाही, कारण पाइपात नुसती हवा. मग वरचं बूच उघडायचं, कळशीनं पाणी ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहायचं, बूच आवळायचं आणि पुन्हा बटण. पाणी काढायला आधी पाणी घाला! असं आम्ही महिनाभर केलं, कारण चकती सुटी मिळेना. अख्खी झडप घ्या म्हणाले. ह्यांनी जुन्या ट्यूबमधून चकती कापायची ठरवली. ठरवली त्यांनी, कापली मी. गोल कापायचं काम आमच्या घरात माझंच. नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी अख्खी झडप आणली.

पेपरात महागाई म्हणजे कशाचा तरी भाव वाढला, एवढंच येतं. घरात ती अशीही येते, की पूर्वी तुकडा मिळायचा, आता पूर्ण वस्तू घ्यावी लागते. नळाचा वॉशर घ्या, फवारणीच्या पंपाचं नोझल घ्या, नाहीतर माझ्या मशीनचा पट्टा. दुरुस्ती करणारा माणूसही मग ‘नवीनच घ्या’ म्हणायला शिकतो. त्याला तरी दोष कसा द्यावा, त्याच्याकडेही तुकडे नसतात.

दुसरी नोंद दोऱ्याच्या रिळाची. बागेशी संबंध नाही, पण महागाईशी आहे. एके दिवशी शिवण अर्ध्यावर असताना रीळ संपलं. तशाच कपड्याला एक रीळ पुरतं हे हाताला माहीत होतं, म्हणून लेबल वाचलं. किंमत तीच, रंग तोच, मीटर कमी. आता साधं गणित बघा. १०० मीटरचं रीळ त्याच किमतीत ८० मीटरचं झालं, तर दोरा २० टक्के कमी झाला असं आपण म्हणतो. पण पुन्हा १०० मीटर दोरा घ्यायला सव्वा रीळ लागतं, म्हणजे भाव २५ टक्क्यांनी वाढला. साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा, सगळ्यांचं हेच. भाव वाढला की माणसं ओरडतात, वजन घटलं की कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नसतं, शिवण अडली म्हणून आलं.

बियांच्या पाकिटाचंही तसंच. पाकीट तेवढंच ऐसपैस, बी मात्र तळाशी चिमूटभर. म्हणून मागे मी शहाणपणा करायला गेले. सगळ्यांत देखण्या टोमॅटोचं बी धरलं आणि पुढच्या हंगामात तेच लावलं. एका झाडाला गोट्यांएवढी फळं लागली, एक नुसतंच वाढत सुटलं, एकाला बऱ्यापैकी आली आणि बाकीची रुसली. पाकीट कचऱ्यात गेलेलं नव्हतं म्हणून कळलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘संकरित’ लिहिलेलं होतं. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेल्या झाडाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत आजा-आजीचे गुण वाटेल तसे विखुरतात. बी धरायचं असेल तर सरळ वाण लागतो. टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून सरळ वाणाचं बी वर्षानुवर्षं तसंच येतं. काकडी-भोपळ्याचा भरवसा नाही, तिथे मधमाशी शेजारच्या वाफ्यातूनही पराग आणते. लेखात ‘घरचंच बी वापरा’ एवढं एकच वाक्य होतं. त्या एका वाक्यापायी माझा पूर्ण हंगाम गेला होता.

आता टोमॅटोवर आलेच आहे तर काळ्या बुडाचं सांगते. फळ हिरवं असतानाच खालच्या बाजूला पाणी मुरल्यासारखा डाग पडतो, मग तो तपकिरी, मग काळा आणि चामड्यासारखा चपटा होतो. वरून फळ इतकं छान दिसतं की तोडून उलटं करेपर्यंत पत्ता लागत नाही. मी पान-फळ घेऊन औषध आणायला गेले, बुरशी आहे म्हणून बाटली मिळाली. दोनदा फवारलं. डाग आपले चालूच. ती बुरशी नव्हतीच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचला नाही की असं होतं, आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतो. जमिनीत तो असतोही पुष्कळदा, पण चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी पूर, असं पाणी दिलं की झाडाला तो वेळेवर मिळत नाही. माझं पाणी तसंच होतं, कारण मोटर तशी होती, कारण झडप तशी होती. वहीत मी झडपेच्या नोंदीपासून बाटलीच्या नोंदीपर्यंत एक बाण काढून ठेवलाय. नवी झडप आली, बुडाशी वाळल्या पाल्याचा चार बोटं थर दिला, रोज थोडं थोडं पाणी सुरू केलं. नंतर धरलेली फळं स्वच्छ निघाली. बाटली अजून फळीवर आहे, तीन हिस्से भरलेली.

गोगलगायींबद्दल लिहिणार होते, पण थोडक्यात आटपते. संध्याकाळी ओलं पोतं वाफ्याच्या कडेला टाकायचं, सकाळी उचलायचं, खाली सगळ्या जमलेल्या असतात. मीठ टाकू नका, जमीन नासते.

हे सगळं एकवेळ चालवून घेतलं असतं. लेख खटकला तो वेगळ्याच कारणानं. त्यात खर्चाचा तक्ता होता आणि ‘मजुरी’पुढे शून्य होतं. खाली तारांकित टीप: घरच्या माणसांनी फावल्या वेळात केल्यास. ही घरची माणसं कोण? आमच्या घरात ती मी. सकाळी पाणी, संध्याकाळी तण, मध्येच आधार बांधायचे, पानांच्या खाली कीड बघायची. घड्याळ लावून सात दिवस मोजलं तर रोजचे सरासरी सव्वा तास निघाले. तेवढ्या वेळात मी मशीनवर बसले असते तर एक कपडा उतरला असता, आणि त्याची शिलाई कुणी शून्य धरली नसती. शिवाय वीज आली की मोटर आधी की मशीन आधी, हे रोजचं भांडण. दोन्ही एकदम लावली की विजेचा दाब उतरतो आणि मोटर नुसती गुरगुरते. अशी गुरगुरणारी मोटर तशीच चालू ठेवली तर आतलं वाइंडिंग जळतं, म्हणून मशीनच बंद करावं लागतं. तो थांबलेला वेळ धरायचा कुठे? मी तो पुढच्या पानावर, त्या गिऱ्हाइकाच्या मापाशेजारी, ‘उशीर’ म्हणून लिहिते.

मुलगा फोनवर म्हणतो, आई, एवढा हिशेब करतेस तर सोडून दे ना बाग. सोडणार नाही. तोडल्याबरोबर हातात येणाऱ्या टोमॅटोच्या देठाचा तो हिरवा, थोडा कडवट वास कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला अजून सुचलेलं नाही, म्हणून तो रकानाच काढलेला नाही. पण चाराचे दोन वाफे केलेत. मिरची आणि टोमॅटो एवढंच ठेवलंय. बाकी भाजी विकत घेते आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही.

पुरवणीच्या लेखकांना माझी विनंती एवढीच. पाणी कसं द्यायचं ते सांगताना ते येणार कुठून तेही सांगा. छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटरमागे १ लिटर पाणी होतं. ४० चौरस मीटरच्या छपराला १० मिलिमीटरची एक सर म्हणजे ४०० लिटर, दोन मोठी पिंपं. थोडं सांडतं, मुरतं, पण हे असं छापलंत तर माणूस निदान पन्हळ लावायला उठेल. आणि तक्ता करणार असाल तर पैशांच्या शेजारी तासांचा एक रकाना ठेवा, त्यात ते तास कुणाचे तेही लिहा. भरून दाखवायला नमुना लागला तर माझ्या वहीची उरलेली चौदा पानं कोरी आहेत, पाठवून देईन.

आपली,
एक वाचक
(शिवणकाम आणि दोन वाफे)