पिग्मीवाल्या भाईंना, उशिरा लिहिलेलं पत्र

तीर्थस्वरूप भाई,
सा. न. वि. वि.

तुम्ही रोज संध्याकाळी येता, मशीनवर पिग्मीचे, म्हणजे रोजच्या बचतीचे, शंभर मारता, पावती फाडून हातात देता आणि ‘आई कशी आहे?’ एवढं विचारून पुढच्या घराकडे वळता. त्या दोन मिनिटांत हे बोलून टाकायचं मी कितीदा ठरवलं, पण तोंड उघडत नाही. उघडलंच तर तुम्ही ‘सोड रे’ म्हणून स्कूटर चालू कराल. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय, म्हणजे तुम्हाला मध्ये तोडता येणार नाही.

परवा टॅक्सी साफ करताना ड्यूटी स्लिपचं, म्हणजे भाड्याच्या फेऱ्या लिहायचं, जुनं पुस्तक सापडलं. त्यातल्या एका कोऱ्या स्लिपच्या पाठीवर तुमचं अक्षर आहे. वर तारीख ३० मार्च २०२०, खाली आकडे आणि सगळ्यात शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं ‘घरात सांग’.

तो मार्च आठवला की अजूनही पोटात गोळा येतो. खरं तर मार्च महिनाच मला लाभत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले, १६ मार्चला खाणी बंद झाल्या आणि खाणीवरचा माझा ट्रक अंगणात उभा राहिला. तो मिळेल त्या भावाने फुंकला आणि कर्ज काढून टुरिस्ट टॅक्सी घेतली. डिचोली तालुक्यातल्या माझ्यासारख्या कितीतरी जणांनी तेच केलं. खाणीची माती गेली तरी समुद्र कुठे जातोय, असं आम्ही म्हणायचो. बरोबर दोन वर्षांनी समुद्र होता तिथेच राहिला, माणसं यायची थांबली.

१५ मार्चच्या सुमारास कॅसिनो बंद झाले आणि हॉटेलवाल्यांचे फोन सुरू झाले. बुकिंग रद्द, बुकिंग रद्द. दाबोळी विमानतळावर सोडलेलं शेवटचं कुटुंब मला आठवतं. काकांनी भाडं दिलं आणि वर ‘जपून राहा’ म्हणाले. मी हसलो होतो. मग २२ चा जनता कर्फ्यू, तोच आपल्याकडे पुढे वाढवला, आणि लगेच देशभर टाळेबंदी. गावातलं किराणा दुकानसुद्धा उघडेना. चोर्ल्याच्या घाटातून बेळगावची भाजी येते तेव्हा आपली चूल पेटते, हे मला तेव्हा कळलं. पाडव्याला साखरेची माळ मिळाली नाही, तशीच गुढी उभारली. त्याच दिवशी गोव्यातले पहिले तीन रुग्ण सापडल्याची बातमी आली.

रोगाची भीती सगळ्यांनाच होती. पण मला त्याहून मोठी भीती ५ तारखेची होती. गाडीचा हप्ता १४,२०० रुपये, खात्यात सहा हजार. शिवाय मित्राचे चाळीस हजार आणि बायकोच्या गहाण टाकलेल्या पाटल्या. त्या मी इन्शुरन्स आणि टायरसाठी टाकल्या होत्या आणि घरात ‘लॉकरमध्ये आहेत’ म्हणून सांगितलं होतं. रात्री दोन वाजता उठून मी गाडीत जाऊन बसायचो. गाडी चालू न करता, नुसता. आईला वाटायचं बॅटरी बघतोय.

३० तारखेला सकाळी तुम्ही दूध आणायला म्हणून निघालात आणि तोंडाला रुमाल बांधून आमच्या अंगणात आंब्याखाली उभे राहिलात. मी तिथूनच म्हटलं, ‘भाई, आज पिग्मी नाही हो.’ तुम्ही म्हणालात, ‘पिग्मी कोण मागतोय? कितें जालें रे तुका?’

मला रडू आलं असं लिहिणार नाही, कारण तुम्ही ते बघितलं आहे.

मग तुम्ही कागद मागितलात. ड्यूटीच नाही तर ड्यूटी स्लिपच्या पाठी काय कामाच्या! त्यावर एका बाजूला देणी, दुसऱ्या बाजूला महिन्याचा खर्च. आईच्या गोळ्यासुद्धा लिहायला लावल्यात. मी ‘साधारण’ म्हटलं की तुम्ही पेन थांबवायचात. ‘साधारण काही नसतं. पावती आण.’ अर्ध्या तासात कागद भरला, आणि खरं सांगतो भाई, बेरीज माझ्या डोक्यातल्या आकड्यापेक्षा कमी निघाली. डोक्यात तो आकडा रोज रात्री वाढत होता. कागदावर तो एका जागी बसला.

रिझर्व्ह बँकेने तीनच दिवसांपूर्वी मोरॅटोरियम, म्हणजे कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत, जाहीर केलं होतं आणि आमच्या टॅक्सीवाल्यांच्या ग्रुपवर ‘तीन हप्ते माफ’ म्हणून फटाके फुटत होते. तुम्ही म्हणालात, ‘माफ काही नाही. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. आणि मार्चचा तू भरून बसलास, तुझ्या वाट्याला दोनच आले.’ मग मांडून दाखवलंत. मुद्दल साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे व्याज महिन्याला चार हजार. दोन हप्ते नुसते ढकलले तर ते व्याज मुद्दलात मिसळून शेवटी पावणेतीन हप्ते भरावे लागतील. म्हणून हप्ता थांबवायचा, पण निदान व्याजापुरते चार हजार टाकत राहायचे. बँकेला ५ तारखेच्या आत कळवायचं, नाहीतर हप्ता कापायला येणार आणि खात्यात पैसे नसले की बाऊन्सचा दंड वेगळा. हप्ता थांबवून देतो म्हणून कोणी ओटीपी मागितला तर फोन ठेवायचा. (चौथ्याच दिवशी तसा फोन आला. ठेवला.)

‘आणि तुझी पिग्मी मोड,’ असं तुम्ही वर म्हणालात.

आदल्या मे महिन्यापासून रोजचे शंभर, रविवार सोडून. अठ्ठावीस हजारांना दोनशे कमी. मुदतीआधी मोडल्यावर थोडे कापले जातात, तेही तुम्हीच सांगितलंत. त्या पैशांत आमचं घर जूनपर्यंत चाललं.

यातलं एक मला कितीतरी महिन्यांनी सुचलं, आणि त्याचीच लाज जास्त आहे. तुमचं पोट कमिशनवर. गोळा झाले तर मिळणार. त्या दिवसांत हॉटेल बंद, गाडे बंद, सलून बंद, म्हणजे तुमची वसुली शून्य. त्यात तुम्ही घरोघर फिरून लोकांना पिग्मी मोडायला सांगत होता. तुमच्या घरी काय शिजत होतं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

‘घरात सांग’ हे मात्र मला जमत नव्हतं. तुम्ही अंगणातूनच हाक मारलीत, ‘वहिनी, जरा सोप्यावर या.’ ती आली. मी कागद पुढे केला. तिने पाटल्यांची ओळ वाचली आणि म्हणाली, ‘माहीत आहे. शर्टाच्या खिशात पावती होती, धुताना मिळाली.’ पाच महिने ती गप्प होती आणि मी लपवत होतो. तुम्ही तेवढ्यात दुधाचा डबा उचलून निघालातसुद्धा.

एप्रिल-मे आम्ही दोघं सत्तरीत मामाच्या काजूच्या बागेत कामाला गेलो. दर काही चांगला नव्हता, पण रोज हातात काहीतरी पडायचं आणि रात्री झोप लागायची. तोवर राज्यातले सातही रुग्ण बरे झाले होते, आपण ग्रीन झोन झालो होतो. हिरवा रंग बघून विमानं येत नाहीत, ते सोडा.

तुमचं एक मी ऐकलं नाही. मोरॅटोरियम ऑगस्टपर्यंत वाढलं तेव्हा तुम्ही बजावलं होतं, व्याज भरत राहा. मी आळस केला, थोडा उर्मटपणाही. तीन महिन्यांचं व्याज साचलं आणि शेवटी सव्वा हप्ता जास्तीचा पडला. व्याज थकलं की असंच होतं, हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंच होतं. डिसेंबर २०२३ मध्ये कर्ज फिटलं, गाडीच्या नोंदणीवरून (आरसी) बँकेचं नाव उतरलं. पाटल्या त्याच्या आधीच्या चतुर्थीला घरी आल्या. मित्राचे चाळीस हजार तेवढे हप्त्याहप्त्याने गेले. तो अजून म्हणतो, घाई काय होती.

ती स्लिप मी फेकलेली नाही. बायकोने ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे. मला ते जरा जास्तच वाटतं, पण तिच्यापुढे कोण बोलणार.

उद्या संध्याकाळी याल तेव्हा हे वाचून झालेलं असेल. कृपा करून त्यावर काही बोलू नका. उद्या तिने पातोळ्या करायच्या ठरवल्या आहेत, तेव्हा स्कूटर बंद करून वर सोप्यावर या. शंभर काढून ठेवलेत.

तुमचा,
आंब्याच्या अंगणातला टॅक्सीवाला