फोर्टमधल्या पेनवाल्या काकांचे आभार

फोर्टमध्ये फूटपाथवर पेनं दुरुस्त करणाऱ्या काकांचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे जाहीर आभार. जुनं कार्ट्रिजचं (शाईच्या सुट्या नळीचं) फाउंटन पेन शाईसकट पडून होतं. आटलेल्या शाईचा रंग जिभेच्या (निबखालच्या, शाई पोचवणाऱ्या भागाच्या) बारीक खाचांत बसला की कार्ट्रिज भरलेलं असूनही निब कोरडीच.

काकांनी निब उपटली नाही, हे विशेष. पुढचा भाग साध्या पाण्यात बुडवला (गरम पाण्याने जुनं प्लॅस्टिक वाकतं, स्पिरिटने तडकू शकतं), भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकला आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत मागून रबरी पिचकारी मारत राहिले. निबच्या फटीतून पितळेची पातळ पट्टी हलकेच एकदा फिरवली. या मापाचं कार्ट्रिज आता मिळत नाही. रिकामंच धुऊन सिरिंजने शाई भरली. "तोंड सैल झालं की गळेल, तेव्हा टाकून द्या. वॉटरप्रूफ ड्रॉइंगची शाई मात्र घालू नका, जीभ कायमची तुंबेल."

आवरायची वेळ झाली होती. तरी निब खाली करून पेन टिश्यूत उभं ठेवलं आणि आतलं पाणी शोषलं जाईपर्यंत थांबले, नाहीतर शाई फिकी उतरते. पैसे फक्त शाईचे घेतले. काका, मनापासून आभार!