गावात 'सरकारी' म्हणू नका

कोल्हापूर, रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर नोकरीचा विषय काढला की बाबा 'बरं बरं, जेवलीस का' म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो, म्हणून सविस्तर लिहितेय. परवा शेजारच्या काकूंचा फोन आला होता. 'पोरगी सरकारी नोकरीत चिकटली' म्हणून तुम्ही आजऱ्यात पेढे वाटलेत म्हणे! बाबा, मी बसते सरकारी ऑफिसात, पण नोकरी करते ठेकेदाराची. ऑर्डर अकरा महिन्यांची असते. पुढची मिळाली तर मिळाली.

एप्रिलमध्ये ऑफिसला माणसं पुरवायचं टेंडर दुसऱ्या ठेकेदाराला गेलं. टेबल तेच, काम तेच, फक्त गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी निळी होती ती लाल झाली. मधल्या दिवसांचा पगार कुणी द्यायचा यावर जुना नव्याकडे बोट दाखवत होता, नवा जुन्याकडे. पीएफचंही तसंच. पगारातून बारा टक्के दर महिन्याला बिनचूक कापायचे, भरायच्या वेळी मात्र विसर पडायचा. मोबाईलवर पासबुक उघडलं तर दोन महिने कोरेच. मग आम्ही सगळ्या कंत्राटी पोरापोरींनी पासबुकाच्या प्रिंटा काढल्या आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. साहेबांनी जुन्या ठेकेदाराचं शेवटचं बिल अडवलं, आणि आठवड्याच्या आत भरणा दिसायला लागला. पीएफ खात्याचा यूएएन नंबर एकच असतो, ठेकेदार कितीही बदलले तरी. तेव्हा आई, पैसे बुडाले म्हणून जीव टाकू नकोस.

मान मात्र सगळ्यांना सारखा नाही. कायमवाले मशीनवर अंगठा लावतात, आम्ही पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये सही करतो. कणकण आली म्हणून घरी थांबलं की तेवढा पगार कट. आणि काम अडलं की पहिली हाक आम्हालाच! जुनी पत्रं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, ती नव्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. ती युनिकोडमध्ये आणायची म्हटलं की, 'मॅडम, जरा बघता का?' बाबा, मिनिटाला तीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा दे म्हणून तुम्ही मागं लागला होता, तेव्हा मी किती कुरकुर केली होती! त्याच सर्टिफिकेटवर इथं निवड झाली.

जुलैत पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडली तेव्हा रात्रपाळीला आम्हालाच बसवलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आता झोपेत विचारलं तरी सांगेन. दर तासाला आकडा यायचा, तो तक्त्यात भरायचा आणि पुढं पाठवायचा. कुठले बंधारे पाण्याखाली गेले त्याची यादीही आम्हीच टाइप करायचो. सकाळी रेडिओवर 'इतके बंधारे पाण्याखाली' असं तुम्ही ऐकता ना, त्यातली एखादी ओळ माझ्या हातची असेल. त्या रात्री शिपाई मामांनी आपल्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढं ठेवली. 'खा पोरी, नदी काय लगेच आत येत नाही.' हे मामा निवृत्तीला आलेत, पण बारनिशीतला, म्हणजे आवक-जावक विभागातला, कुठला कागद कुठल्या टेबलावर अडकलाय ते कॉम्प्युटरच्या आधी सांगतात.

एकदा शाहूवाडीकडचे एक आजोबा आले होते. हातातली पोच घडी घालून घालून फाटायला आलेली. तीन टेबलं फिरून माझ्याकडं आले. मी जावक क्रमांक शोधला, तर त्यांच्या अर्जाचं उत्तर कधीच निघालं होतं, फक्त पत्त्यावर गावाऐवजी तालुकाच पडला होता. प्रत काढून दिली. आजोबांनी ती वाचली नाही, आधी टोपीखाली ठेवली, मग काढून पुन्हा पिशवीत घातली. असा दिवस आला की त्या रजिस्टरवरच्या सहीचं काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी परत वाटतं, ते सोडा.

स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरलाय, पहाटे उठून अभ्यास चालू आहे. पण 'पर्मनंट कधी होणार?' हे दर फोनला विचारू नका. या खुर्चीतून पर्मनंट होत नाही, त्यासाठी वेगळी परीक्षाच द्यावी लागते. स्थळं बघणाऱ्यांनाही कंत्राटी असंच सांगा. ज्यांना ते नको, त्यांनी चहा पिण्याआधीच नाही म्हटलेलं बरं.

आता कामाचं. माझ्या पगारातून ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, पाऊण टक्का कापला जातो, त्यात अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावं घालता येतात. तुम्हा दोघांच्या आधारची झेरॉक्स आणि फोटो कुणी कोल्हापूरला येणारं असेल त्यांच्याबरोबर पाठवा. व्हॉट्सअॅपवर नको, मागच्या वेळी अर्धं आधार तुमच्या अंगठ्याखालीच होतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातून होतंय का ते मी दवाखान्यात जाऊन विचारते, तोवर खासगीत पैसे भरू नका. आणि झेरॉक्सबरोबर घनसाळ तांदूळही पाठव गं आई, दोन किलो जास्तच. मामांना कबूल केलाय.

तुमची लेक